मारुती कांबळे आणि अहवालातली रिकामी जागा

मागच्या व्याख्यानात चित्रपटाला इतिहासाचा पुरावा मानता येईल का, यावर आम्ही बोललो होतो. शेवटी एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, तुम्ही 'कार्गो २००' पाहिलाय का?" पाहिला नव्हता. घरी नातवानं लावून दिला. खरं सांगायचं तर त्यानंतर दोन रात्री झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो असताना एकदम वाटलं, की ही गोष्ट आपण आधी कुठेतरी पाहिलेली आहे आणि तीही मराठीत. आजचं व्याख्यान त्या वाटण्याबद्दल आहे.

आधी रशियन चित्रपटाविषयी थोडं, कारण बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नसणार. पाहा असा आग्रहही आम्ही धरणार नाही. फार क्रूर आहे. अलेक्सेई बालाबानोव्ह हा दिग्दर्शक, चित्रपट २००७ सालचा, पण गोष्ट घडते १९८४ मध्ये. सोव्हिएत संघाचे सरचिटणीस तेव्हा चेरनेन्को, आजारी आणि वृद्ध. अफगाणिस्तानात युद्ध चालू आहे. १९७९ च्या डिसेंबरात सैन्य तिथं गेलं ते १९८९ च्या फेब्रुवारीत परत आलं, आणि मधल्या काळात सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले. त्यांचे मृतदेह जस्ताच्या पेट्यांत बंद करून विमानानं परत यायचे. लष्करी कागदपत्रांत अशा पेटीला 'ग्रुझ २००' म्हणायचे, म्हणजे 'माल क्रमांक २००'. माणूस मेला की तो माल होतो आणि त्याला नंबर मिळतो. चित्रपटात एक दृश्य आहे. विमानातून पेट्या उतरवल्या जातात आणि त्याच विमानात जिवंत पोरं रांगेनं चढतात. कुणी काही बोलत नाही. दिग्दर्शकसुद्धा काही बोलत नाही.

लेनिन्स्क नावाच्या एका काल्पनिक कारखानदारी गावात एक पोलीस कॅप्टन आहे, झुरोव्ह. तो एका मुलीला पळवतो. ती पक्षाच्या स्थानिक सेक्रेटरीची मुलगी. एका माणसाचा खून करतो. त्या खुनाबद्दल फाशीची नव्हे, गोळीची शिक्षा होते ती अलेक्सेई नावाच्या दुसऱ्याच माणसाला, जो घरी चोरून दारू गाळतो. आणि या सगळ्याच्या कडेला एक प्राध्यापक आहे. लेनिनग्राद विद्यापीठात 'वैज्ञानिक निरीश्वरवाद' हा विषय शिकवणारा. हो, असा विषय तिकडे होता आणि त्याचे विभागही होते. त्या रात्री तो अलेक्सेईच्या घरी थांबलेला असतो. देव आहे की नाही, आत्मा आहे की नाही, यावर दोघांचा वाद होतो. पुढे अलेक्सेईची बायको त्याच्याकडे येते, साक्ष द्या म्हणून विनवते. प्राध्यापक साक्ष देत नाही. पक्षातलं स्थान, विभागातली खुर्ची, सगळं आहे ना. शेवटी तो एका चर्चमध्ये जातो आणि बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर काय करावं लागतं, अशी चौकशी करतो.

आमची झोप उडवली ती या प्राध्यापकानं. पोलीस कॅप्टन भयंकरच आहे, पण त्याच्याशी आमचं काही नातं नाही. या माणसाशी आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

आमच्या पिढीला सोव्हिएत देश माहीत होता तो गुळगुळीत कागदावरून. 'सोव्हिएत देश' मासिक यायचं. रंगीत चित्रं, ट्रॅक्टर, हसऱ्या दूधवाल्या बायका. त्या कागदाची वह्यांना कव्हरं फार छान व्हायची. आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या भूगोलाच्या वह्यांवर सायबेरियातलं धरण असायचं. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले, त्यांचं प्रवासवर्णन आम्ही वाचलं, आणि वाटेगावचा माणूस मॉस्कोत मानानं फिरतो याचं अप्रूप वाटलं. ते अप्रूप खोटं नव्हतं. त्या कागदामागे लेनिन्स्क असेल, हे मात्र कव्हर घालणाऱ्या पोराला कसं कळणार?

आता मराठीकडे येऊ. तुमच्यातल्या वयस्कर श्रोत्यांनी ओळखलंच असेल. 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, रामदास फुटाणे निर्माते. १९७४ सालचा चित्रपट. निळू फुले हिंदुराव धोंडे पाटील, डॉ. श्रीराम लागू मास्तर, मोहन आगाशे मारुती कांबळे. स्मिता पाटील अगदी छोट्या भूमिकेत.

गोष्ट थोडक्यात अशी. गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो. एके काळी स्वातंत्र्यलढ्यात होता, गांधीजींचा माणूस, आता बाटलीचा. गावाचा मालक म्हणजे हिंदुराव. साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, वरच्या मंत्र्यांपर्यंत हात. हिंदुराव मास्तरला उचलून वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो. करमणूक म्हणून म्हणा, कुतूहल म्हणून म्हणा. त्याला हा माणूस आवडतो. आणि मग मास्तरच्या कानावर एक नाव येतं, मारुती कांबळे. लष्करातून परत आलेला, गावात तोंड उघडणारा. पुढे तो दिसेनासा झाला. मास्तर विचारायला लागतो, की या मारुती कांबळेचं पुढे झालं काय? जो भेटेल त्याला विचारतो. दारू प्यालेला असताना विचारतो आणि शुद्धीवर असतानाही विचारतो. हळूहळू तो प्रश्न सगळ्या गावात पसरतो.

हे आम्ही कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये पाहिलं तेव्हा सव्वीस वर्षांचे होतो. आजूबाजूला बसलेले निम्मे प्रेक्षक कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद असणार. हिंदुरावाच्या वाक्यांना लोक हसत होते. त्या नावाचा प्रश्न आला की गप्प व्हायचे. हा हिंदुराव म्हणजे अमुक की तमुक, याची चर्चा बाहेर चहाच्या टपरीवर महिनाभर चालली होती. प्रत्येक तालुक्याचा अंदाज वेगळा होता, आणि प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटायचा.

पण आपण इतिहास करतोय. तेव्हा हिंदुराव आला कुठून, हे पाहू.

१८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांना हवे होते कर्जरोखे, आणि ते मिळाले की जाळले. माणसं मारण्याकडे त्यांचा कल नव्हता, कागद नाहीसा करण्याकडे होता. त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला, पुढे १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. सहकाराचा आपल्याकडचा जन्म असा सावकाराच्या विरोधातला आहे, हे विसरायचं नाही.

त्या सावकाराचं चित्र पडद्यावर आलं ते आमच्या कोल्हापुरातून. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. मूकपट. कथा नारायण हरी आपट्यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी मुंबईला गिरणीत मजूर होतो. देवदेवतांचे आणि शिवकालाचे चित्रपट निघत होते त्या काळात हे केलं. ज्यांनी पाहिला त्यांनी अंधारी झोपडी आणि भुंकणारं कुत्रं यांची आठवण पुढे कितीतरी वर्षं सांगितली. आज ती फिल्म उरलेली नाही. १९३६ मध्ये पेंटरांनी तोच विषय बोलपटात पुन्हा केला. जगात सामाजिक वास्तवाच्या चित्रपटांची चर्चा होते तेव्हा रशियाचं नाव आधी येतं, आयझेन्स्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन' पण १९२५ चाच. खरी कॉर्नर किंवा मंगळवार पेठ कुणाला आठवत नाही. असो, हा आमचा कोल्हापुरी अभिमान.

म्हणजे १९२५ मध्ये खलनायक सावकार आहे आणि १९७४ मध्ये चेअरमन. मधल्या ५० वर्षांत काय झालं?

झालं ते बरंचसं चांगलं झालं, हे आम्ही आधीच सांगतो, नाहीतर उद्या फोन येतील. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ चा त्याचा पहिला हंगाम. इकडे आमच्या जिल्ह्यात तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेला, रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगेला कारखाने काढले. रत्नाप्पाण्णा तर संस्थानी प्रजेच्या लढ्यातले भूमिगत कार्यकर्ते, संविधान सभेचे सदस्य. म्हणजे मास्तरच्याच पिढीतली माणसं. कुणी कारखाना काढला, कुणी दारूत बुडाला, आणि बरेच जण पेन्शनीवर जगले. कारखान्याच्या मागून शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते झाले. आम्ही स्वतः अशाच एका संस्थेच्या पगारावर आयुष्य काढलं. १९६१ च्या कायद्यानं जिल्हा परिषदा आल्या आणि कारखाना, बँक, परिषद, शिक्षणसंस्था अशी खेड्यातली सगळी दारं काही हातांत जमत गेली.

इथं जरा थांबायला हवं, कारण शहरात वाढलेल्या श्रोत्यांना 'सामना'तलं गाव गप्प का बसतं ते कळत नाही. त्यांना वाटतं, गुंडांची भीती. गुंड होते, पण भीती मुख्यत्वे त्यांची नव्हती. ऊस वर्षा-सव्वावर्षात पक्व होतो. पक्व झाल्यावर तो वेळेत तुटला पाहिजे. नाही तुटला तर तुरा येतो, वजन घटतं, आतून पोकळ व्हायला लागतो. तोड कधी द्यायची ते कारखाना ठरवतो. टोळी कुणाच्या फडात आधी घालायची, चिठ्ठी कुणाला कधी मिळेल, हे कारखान्याचा माणूस सांगतो. नियमानं लागवडीच्या तारखेप्रमाणे नंबर असतो. पण नंबर मागंपुढं होऊ शकतो, आणि तो का झाला याचं कारण कुणी लिहून देत नाही. वर सोसायटीचं पीककर्ज त्याच उसावर काढलेलं असतं आणि ते बिलातून वळतं होतं. पोरगा कारखान्यात रोजंदारीवर असतो, मुलगी त्यांच्याच शाळेत शिक्षिका व्हायची असते. आता सांगा, सभेत उभा राहून कोण विचारेल? त्याला कुणी मारायची गरजच नाही. तोड तीन आठवडे उशिरा आली की पुरे.

कोल्हापूर भागात गुऱ्हाळं होती म्हणून थोडी हवा यायची. कारखान्याशी बिनसलं तर ऊस गुऱ्हाळाला घालायचा आणि गूळ शाहूपुरीच्या पेठेत न्यायचा. हे दुसरं दार सगळीकडे नव्हतं. आणि १९८४ मध्ये राज्य सरकारनं झोनबंदीचा हुकूम काढला. आपल्या हद्दीतल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, शेजारचा जास्त भाव देत असला तरी. शरद जोशींनी त्याविरुद्ध रान उठवलं ते सगळ्यांना आठवत असेल. बालाबानोव्हनं निवडलेलं वर्षही १९८४ च, हा योगायोग. आम्ही त्याला योगायोगापेक्षा जास्त किंमत देत नाही.

सुप्याच्या शेतकऱ्याला निदान रोखा दिसत होता. जाळता येत होता. इथं जाळायचं काय? कारखाना आपलाच, शेअर आपल्या नावावर, चेअरमन आपणच निवडून दिलेला.

कारखान्यांचे वार्षिक अहवाल आम्ही बरेच वाचले आहेत. निवृत्तीनंतरचा छंद म्हणा. त्यांची एक ठरलेली रीत असते. पहिल्या पानावर श्रद्धांजली, म्हणजे अहवाल सालात दिवंगत झालेले नेते, सभासद, कामगार आणि देशासाठी शहीद झालेले जवान. मग गळीत किती टन, उतारा किती टक्के, भागभांडवल किती. मग वार्षिक सभा. तिथं विषय वाचायच्या आत समोरच्या मंडपातून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. इतिवृत्तात लिहिलं जातं, सर्वानुमते मंजूर. आता एखादा इतिहासकार शंभर वर्षांनी हे कागद वाचेल तर त्याला काय दिसेल? एकही माणूस कधी विरोधात बोलला नाही, असा एक सुखी समाज.

आमच्या विषयात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानात, ज्ञानाची साधनं मोजतात. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती त्यात एक आणखी घालतात, अनुपलब्धी. एखादी गोष्ट तिथं नाही हे कळणं, हेही एक ज्ञान आहे आणि ते वेगळ्या वाटेनं येतं. नेहमीचं उदाहरण जमिनीवर घडा नसल्याचं. पण त्याला एक अट असते, आणि विद्यार्थी परीक्षेत ती हमखास विसरायचे. ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, असं म्हणता आलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं होत नाही. उजेडात, जिथं दिसायला हवा तिथं दिसला नाही, तरच त्या न दिसण्याला अर्थ.

मारुती कांबळेचं नाव श्रद्धांजलीच्या पानावर असायला हवं होतं. तो जवान होता, गावचा होता आणि मेला होता. तिन्ही अटी पुऱ्या. 'सामना' जे करतो ते एवढंच, की त्या पानावर बोट ठेवून विचारतो, इथं एक नाव कमी आहे ते कुठं गेलं?

आमच्या भागात सैनिकांची गावं आहेत. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक सैनिक टाकळीच म्हणतात. पेन्शनीवर आलेला सुभेदार किंवा हवालदार आम्ही लहानपणापासून बघत आलो. जग पाहिलेला, हिशेब विचारणारा, ताठ चालणारा. त्यात आडनाव कांबळे, म्हणजे आमच्याकडे बहुधा गावकुसाबाहेरचा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. खेड्यातला असा माणूस सरळ मान करून वाड्यासमोर उभा राहणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत पडदा पाहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. रशियन पोरगा परक्या देशात मरून पेटीतून घरी येतो. त्याला निदान एक नंबर आहे, कागदावर त्याची नोंद आहे. मारुती कांबळे युद्धातून जिवंत परत येतो आणि मरतो ते स्वतःच्या गावात, आणि त्याला नंबरसुद्धा नाही.

आता काळाची एक गंमत. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात 'सामना' स्पर्धेसाठी निवडला गेला. तेव्हा तो महोत्सव उन्हाळ्यात व्हायचा. त्या वर्षी २७ जूनला सुरू झाला. आपल्याकडे २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. म्हणजे सत्ता माणसं कशी नाहीशी करते हे सांगणारा मराठी चित्रपट जर्मनीत लागतोय आणि इकडे दोनच दिवसांपूर्वी वर्तमानपत्रांची वीज तोडली गेलीय, पुढारी तुरुंगात. त्याच वर्षी 'आंधी' थिएटरांतून काढला गेला. 'किस्सा कुर्सी का'च्या प्रती आणि निगेटिव्ह तर नष्टच केल्या गेल्या. 'सामना' त्याच्या थोडा आधी येऊन गेला म्हणून निभावलं, असं आम्हाला वाटतं. सहा महिने उशीर झाला असता तर काय झालं असतं, कोण सांगणार.

त्याच महोत्सवात सोव्हिएत संघाचा एक चित्रपट होता, सर्गेई सोलोव्योव्हचा 'बालपणानंतरचे शंभर दिवस'. दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल त्याला मिळालं. उन्हाळी शिबिर, कोवळी मुलं, पहिलं प्रेम. फार हळवा चित्रपट. वाईट नाही. पण तिथल्या झुरोव्हबद्दल बोलायला रशियन पडद्याला पुढची ३२ वर्षं लागली, आणि तोवर ज्या राज्याबद्दल बोलायचं ते राज्यच उरलं नव्हतं. बालाबानोव्हवर रशियात टीका झाली, त्यानं देशाला बदनाम केलं म्हणून. तरी १९८४ च्या कुणाही सेक्रेटरीला २००७ मध्ये त्याला काही करता येणार नव्हतं. 'सामना'तले हिंदुराव मात्र तेव्हा पहिल्या रांगेत बसून चित्रपट पाहत होते. हा फरक आम्ही फार मोठा मानतो. मेलेल्याची उत्तरतपासणी करणं वेगळं आणि खुर्चीत बसलेल्याला तोंडावर विचारणं वेगळं.

पण म्हणून लगेच आपली पाठ थोपटून घ्यायची का? तेंडुलकरांनी विचारणारा माणूस कसा घेतला ते बघा. बाहेरचा, बेघर, दारुडा. ज्याचा ऊस नाही, ज्याचं कर्ज नाही, ज्याच्या पोराची नोकरी अडकलेली नाही. गावातल्या एकाही शुद्धीतल्या माणसाच्या तोंडी तो प्रश्न आधी घातला नाही. तेंडुलकरांनी घातला असता तर आम्हाला तो खोटा वाटला असता. पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, जब्बार पटेलांनीच 'सिंहासन' केला, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून. तिथं आमच्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक मुख्यमंत्री झाले आणि कालचे हिंदुराव, म्हणजे निळूभाऊ, पत्रकार दिगू टिपणीस. सगळं पाहणारा, सगळं माहीत असणारा माणूस. शेवटी त्याला वेड लागतं. मुंबईतसुद्धा शुद्धीत राहून बोलता येत नाही, असंच जणू. निळूभाऊ खऱ्या आयुष्यात राष्ट्र सेवा दलाचे, इतके साधे, की त्यांना खेड्यातल्या बायका पडद्यावरच्या पापांसाठी शिव्या द्यायच्या याचं त्यांना हसू यायचं. आणि लागू तर पक्के निरीश्वरवादी, देवाला आता निवृत्त करा म्हणणारे. रशियन प्राध्यापक निरीश्वरवाद शिकवून चर्चमध्ये गेला. आमचे डॉक्टर शेवटपर्यंत गेले नाहीत.

त्या प्राध्यापकाकडे येतो, कारण सुरुवातीला तसं म्हटलं होतं.

वेदान्तात 'साक्षी' हा शब्द फार मोठा आहे. जो पाहतो, पण कशात गुंतत नाही तो. कर्ताही नव्हे, भोक्ताही नव्हे. आम्ही तीस-पस्तीस वर्षं हा साक्षी फळ्यावर लिहून समजावला. व्यवहारात त्याला एक 'दार' जोडलं की 'साक्षीदार' होतो, आणि त्याचं काम बरोबर उलटं असतं. त्यानं पाहिलेलं बोललं पाहिजे, गुंतलं पाहिजे, नाव लिहून द्यायला पाहिजे. रशियन प्राध्यापक साक्षी राहिला, साक्षीदार झाला नाही. त्याचं एक वाक्य त्या माणसाचा जीव वाचवू शकलं असतं.

आम्ही नोकरीला लागलो त्या काळात काही संस्थांत एक रीत होती. सही एका रकमेवर करायची आणि हातात दुसरी रक्कम यायची. उरलेली संस्थेला देणगी. आमच्या ग्रंथालयात एक शिपाई होता. आमच्यापेक्षा वयानं दोन-चार वर्षांनी मोठा. पुस्तकं शोधून द्यायचा आणि परत घेताना पानं तपासायचा. त्यानं वर एक अर्ज केला, की सहीची रक्कम आणि मिळणारी रक्कम यांत फरक आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं केला. आम्ही पीएच.डी. करत होतो.

मग एके दुपारी स्टाफरूममध्ये एक कागद आला. आम्हा सर्वांना पूर्ण वेतन मिळते, आमची काही तक्रार नाही, असा मजकूर. कुणी धमकी दिली नाही. चहा आला होता, बरोबर बिस्किटं होती. कागद हातोहात फिरला. आमची सही तिसऱ्या ओळीत आहे. त्या दिवशी तासाला आम्ही कांट शिकवला. माणसाला साधन म्हणून वापरू नका, तोच भाग.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कामावर दिसला नाही. कुणी म्हणालं इचलकरंजीला मागावर गेला, कुणी म्हणालं गावी शेती करतो. इचलकरंजी इथून तासाभराची एसटी. आम्ही कधी गेलो नाही. त्याच वर्षी आम्ही 'सामना' दोनदा पाहिला आणि त्यावर महाविद्यालयाच्या अंकात लेख लिहिला. लेख चांगला झालाय असं प्राचार्य म्हणाले होते.

पुढे संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली. जाड, गुळगुळीत कागदाची. मागच्या पानांवर आजवर काम केलेल्या सगळ्या सेवकांची यादी आहे, शिपायांपासून, सालांसकट. काम नेटानं केलेलं आहे. एक माळी तर फक्त आठ महिने होता, त्याचंही नाव आहे. ग्रंथालय विभागाची नावं आम्ही परवा पुन्हा तीन वेळा वाचली. आमचा फोटो त्याच्या आधीच्या पानावर आहे.

वेळ झालेली आहे. तुमचे प्रश्न घेऊ.